मार्कोनीला ‘चोर’ म्हणणं आता थांबवूया का? (विला ग्रिफोने पाहून आल्यावर)

पायवाट

कामानिमित्त बोलोन्याला गेलो होतो. शेवटचा दिवस मोकळा मिळाला, म्हणून पोरेत्ताकडे जाणारी लोकल पकडून पोन्तेक्कियोला उतरलो. गावाच्या नावापुढे आता ‘मार्कोनी’ लागतं. तिथे टेकाडावर विला ग्रिफोने आहे, गुल्येल्मो मार्कोनीच्या वडिलांचं घर. आज तिथे त्याच्या आयुष्यावरचं संग्रहालय आहे.

प्रदर्शनात खूप काही आहे, पण मी अडकलो तो माळ्यावर. या माळ्याला ते लोक ‘रेशीमकिड्यांची खोली’ म्हणतात. पूर्वी तिथे रेशमाचे किडे पाळायचे. वीस वर्षांच्या पोराने ती जागा मागून घेतली आणि तिथे बॅटऱ्या, तारांची वेटोळी, पितळी गोळे मांडले. त्या काळच्या यंत्रांच्या चालत्या प्रतिकृती संग्रहालयाने करून ठेवल्या आहेत. मार्गदर्शकाने एका टोकाला ठिणगी पाडली आणि दुसऱ्या टोकाला, मध्ये काहीही नसताना, घंटी वाजली. मी अभियांत्रिकी शिकलेला माणूस आहे, हे असं होणार हे मला माहीत होतं. तरी अंगावर काटा आला.

खिडकीतून समोर चेलेस्तिनी टेकडी दिसते. १८९५ साली मार्कोनीचा मोठा भाऊ आल्फोन्सो ग्राहकयंत्र घेऊन त्या टेकडीपलीकडे गेला. अंतर सुमारे दोन किलोमीटर. तोवर संदेश पोचला की तो रुमाल हलवून खूण करायचा. पण मध्ये टेकडी आल्यावर रुमाल कसा दिसणार? म्हणून बंदूक नेली. माळ्यावर कळ दाबली गेली आणि टेकडीपलीकडून बार ऐकू आला. आपण आज ज्याला रेडिओ म्हणतो तो मला त्या बारात सुरू झालेला दिसतो.

आता मुद्द्यावर येतो. शाळेपासून मी एकच ऐकत आलो: रेडिओ जगदीशचंद्र बोसांनी शोधला आणि मार्कोनीने चोरला. दर ३० नोव्हेंबरला, बोसांच्या जयंतीला, हा संदेश फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. मी स्वतः तो पुढे पाठवलेला आहे. त्या माळ्यावर उभा राहिल्यावर मला त्याची लाज वाटली. विद्युतलहरींवरचा बोसांचा पहिला निबंध मे १८९५ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. त्याच वर्षी इटलीतल्या एका खेड्यात हा मुलगा बागेत तारा पुरत होता. या मुलाने कोलकात्यातून काय चोरलं असेल?

माझं मत असं. लहरी जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झच्या, त्या ओळखणारी धातुकिसाची नळी फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रान्लीची, हे मार्कोनीने कधी नाकारलं नाही. त्याने जोडलं ते अंतर. पत्र्याचा एक तुकडा उंच टांगायचा, दुसरा जमिनीत पुरायचा, आणि टेकडी ओलांडायची. त्याच्या घरातलं, त्याच्या आयुष्यावरचं प्रदर्शन त्याची गोष्ट सांगणार, आणि तसंच असावं. तिथे जाऊन ‘बोस कुठे आहेत’ असं विचारणं म्हणजे लग्नघरी जाऊन शेजारच्या मुंजीची चौकशी करण्यासारखं आहे. बोसांची थोरवी मार्कोनीच्या चोरीवर उभी करायची गरज नाही.

तुम्हाला काय वाटतं?

निळी शाई

पायवाटदादा, माळ्याचं वर्णन वाचून मलाही तिथे जावंसं वाटलं. पण तुमच्याशी मी ठामपणे असहमत आहे. वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

‘चोर’ हा शब्द सोडून द्या, मीही वर्गात वापरत नाही. पण तुम्ही १८९५ वर थांबलात आणि १९०१ ला हातच लावला नाही. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने कॉर्नवॉलमधल्या पोल्धूहून आलेले तीन टिंब, म्हणजे मोर्समधला ‘एस’, कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये ऐकले. त्या दिवशी संदेश पकडणारं साधन होतं पाऱ्याचं, स्वतःहून पूर्ववत होणारं कोहिरर, म्हणजे लहर ओळखणारी नळी. ते त्याला त्याचा नौदलातला मित्र लुइजी सोलारी याने दिलं होतं आणि त्याला ‘इटालियन नौदलाचं कोहिरर’ असं नाव पडलं. लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शावर चालणारं, टेलिफोनने ऐकायचं असं साधन बोसांनी एप्रिल १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात आहे. म्हणजे अडीच वर्षं आधी. सोलारीने पुढे सांगितलं की कल्पना आपल्याला कुठल्याशा इंग्रजी प्रकाशनात मिळाली, पण कुठल्या ते आता सांगता येणार नाही. प्रबीर बंदोपाध्याय यांनी १९९८ साली आयट्रिपलई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात हे सगळं कागदोपत्री मांडलं आहे.

म्हणजे माझा प्रश्न १८९५ च्या मुलाला नाहीच. तो १९०१ च्या सत्तावीस वर्षांच्या कंपनीमालकाला आहे.

दुसरं, घरातलं प्रदर्शन फक्त घरच्या माणसाची गोष्ट सांगणार, हे मला पटत नाही. घर हेच सर्वांत प्रभावी असतं. तुमच्या अंगावर काटा आला तो जागेमुळे. मग जागेची ती ताकद ज्याच्या हातात आहे त्याची जबाबदारी जास्त की कमी? त्या माळ्यावर एवढंच लिहिलेलं असावं की याच बारा-पंधरा महिन्यांत ऑक्सफर्डला ऑलिव्हर लॉज (ऑगस्ट १८९४), कोलकात्याला बोस आणि पीटर्सबर्गला अलेक्झांडर पोपोव्ह (७ मे १८९५) हेच करत होते. एवढ्याने मार्कोनी लहान होत नाही. पाहणाऱ्याला कळतं की ही एका माळ्यावरची जादू नसून जगभर एकाच वेळी ठोठावलं जाणारं दार होतं.

आणि दारापर्यंत पोचायचे रस्ते सारखे नव्हते, हेही. मार्कोनीची आई आयर्लंडच्या जेमसन या दारूवाल्या घराण्यातली. लंडनमध्ये मामेभावाने हात दिला, ब्रिटिश टपालखात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांच्यापर्यंत ओळख निघाली, २ जून १८९६ ला पेटंटचा अर्ज गेला, वर्षभरात कंपनी उभी राहिली. बोस १८८५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले तेव्हा त्यांना गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला होता. निषेध म्हणून तीन वर्षं त्यांनी पगाराला हात लावला नाही आणि शिकवत राहिले. प्रयोगशाळा म्हणजे न्हाणीघराला लागून चोवीस चौरस फुटांची जागा, आणि यंत्रं बनवायला हाताशी अक्षरओळख नसलेला एक पत्र्याचा कारागीर. त्याच्याकडून त्यांनी ज्या वस्तू करून घेतल्या त्या आज कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात आहेत. मी पाहिल्या आहेत. एका ध्रुवकासाठी, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या लहरी पुढे जाऊ देणाऱ्या साधनासाठी, त्यांनी ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक घेतलं आणि पानापानांत कथलाचा पातळ पत्रा घातला. वेळापत्रकाच्या पुस्तकातून लहरी गाळून घेणारा माणूस! तुमचा माळा मला जसा शब्दांतून दिसला, तसं हे पुस्तक तुम्हाला दिसावं असं वाटतं.

डाडिट

हौशी रेडिओचा परवाना बाळगून मला तीसेक वर्षं झाली. हात शिवशिवले म्हणून लिहितो.

शाईताई, तुमचा १९०१ चा मुद्दा मजबूत आहे, त्याच्याकडे येतोच. पण आधी पायवाट यांच्या बाजूने एक गोष्ट, कारण इथे नेहमी घोळ होतो. बोसांच्या लहरी ५ मिलिमीटरच्या आसपासच्या. आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. त्या प्रकाशासारख्या सरळ जातात. बोसांना तेच हवं होतं. प्रकाशाचे सगळे खेळ, म्हणजे परावर्तन, अपवर्तन, ध्रुवीकरण, विजेच्या लहरींनी टेबलावर करून दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी भोंग्याच्या आकाराचा अँटेना केला, गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचा ग्राहक केला. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडे घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. ते अस्सलच. पण त्या लहरी चेलेस्तिनी टेकडी ओलांडून गेल्या नसत्या. मार्कोनीने उंच तार आणि जमिनीतला पत्रा वापरला आणि लहर कितीतरी पटींनी लांब झाली. लांब लहर जमिनीला धरून, वळसा घेत जाते. त्याला यामागचा सिद्धान्त माहीत नव्हता. आपण भौतिकशास्त्र रीतसर शिकलेलो नाही, हे त्याने नोबेल व्याख्यानात स्वतःच सांगितलं. त्याने करून पाहिलं, अंतर वाढलं, अजून उंच केलं, अजून वाढलं. ज्याने कधी आंब्याच्या झाडावर तार चढवून पहाटे चार वाजता परदेशातला आवाज पकडलाय त्याला या करून पाहण्याची किंमत कळते.

तेव्हा ‘रेडिओ कुणी शोधला’ या प्रश्नातच खोट आहे. दोघे दोन वेगळ्या गोष्टी करत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं. मॅक्ल्युअर्स या अमेरिकन मासिकाच्या मार्च १८९७ च्या लेखात दोघांच्याही मुलाखती आहेत. बोसांनी तिथे व्यापारी तारायंत्रात रस दाखवलेला नाही.

आता १९०१. पारा आणि लोखंड हे तत्त्व बोसांनी आधी छापलं होतं यात मला शंका नाही. इटालियन नळीची घडण वेगळी, तत्त्व तेच. श्रेय द्यायला हवं होतं, दिलं नाही. मला मात्र त्याहून वेगळी शंका छळते: त्या दिवशी त्याने खरंच काही ऐकलं का? लहर ३६० मीटरच्या आसपास असावी असं मानतात, वेळ भर दिवसाची. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर अशा लहरी गिळून टाकतो. साक्षीदार तो स्वतः आणि त्याचा सहायक केम्प, आणि पुरावा म्हणजे वाऱ्याच्या घोंगाटात कानाला लावलेला टेलिफोन. पुढच्याच फेब्रुवारीत ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर त्याने कागदी फितीवर उमटणारी नोंद घेतली, तेव्हा दिवसा सुमारे ७०० मैल आणि रात्री २००० मैलांवर संकेत मिळाले. ती फीत म्हणजे पुरावा.

प्रदर्शन माझ्या हातात असतं तर मी एक खोली अंधारी ठेवली असती. कानाला हेडफोन, आत फक्त खरखर, आणि त्यात कुठेतरी तीन टिंब असतील किंवा नसतील. पाहुण्याने एका वहीत लिहायचं: ऐकलं, की नाही ऐकलं. सिग्नल हिलवर मार्कोनीची काय अवस्था झाली असेल ते कुठल्याही पाटीपेक्षा त्यातून लवकर कळेल.

कडाडवीज

सगळे बोस-मार्कोनी करत बसलेत आणि निकोला टेस्लाचं नावही नाही! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली निकालच दिला की रेडिओचा शोध टेस्लाचा. मार्कोनीचं पेटंट रद्द केलं. कोर्टाने सांगितल्यावर प्रदर्शनं कसली भरवता? टेस्लाची पेटंटं वापरून तो श्रीमंत झाला आणि टेस्ला न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खोलीत एकटा मेला. याला अन्यायच म्हणतात.

डाडिट

कडाडवीज, टेस्लाबद्दलची तुमची कळकळ समजते. त्याचा शेवट वाचून मलाही वाईट वाटतं. पण निकाल तसा नाही.

तो खटला मार्कोनीच्या अमेरिकन कंपनीने सरकारविरुद्ध केला होता, आपली पेटंटं न विचारता वापरली म्हणून भरपाई मागायला. २१ जून १९४३ च्या निकालात कोर्टाने मार्कोनीच्या *दुसऱ्या* पेटंटातले, म्हणजे प्रेषक आणि ग्राहक एकाच सुरात जुळवण्याच्या योजनेबद्दलचे, मुख्य दावे अमान्य केले. कारण लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन या तिघांचं काम त्याआधीचं होतं. त्याच निकालात कोर्टाने असंही म्हटलं की यशस्वी रेडिओ प्रक्षेपण करणारा पहिला माणूस ही मार्कोनीची कीर्ती त्याच्या मूळ पेटंटावर उभी आहे आणि ते पेटंट या खटल्यात वादात नाही. ‘टेस्ला हाच रेडिओचा जनक’ असं वाक्य त्या निकालात नाही. टेस्ला त्याच वर्षी ७ जानेवारीला गेला होता आणि मार्कोनीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

सूर जुळवण्याचं श्रेय टेस्लाला आणि लॉजला द्या, पूर्ण द्या. तेवढं त्यांचं आहेच.

कडाडवीज

निकाल मी मुळातून वाचला नव्हता, हे मान्य. पण मग शाळेच्या पुस्तकात एकच नाव का? सूर जुळवल्याशिवाय दोन केंद्रं एकमेकांवर चढतात, काही ऐकू येत नाही. म्हणजे ज्याच्याशिवाय रेडिओ चालतच नाही तो भाग दुसऱ्यांचा, आणि नाव एकाचं. माझा राग तिथे आहे आणि तो राहणार.

ओसरी

इतके प्रतिसाद झाले, तरी ज्या गोष्टीवरून मी पायवाट यांच्याशी भांडेन ती अजून कुणी काढलेली नाही.

पायवाट, तुम्ही माळ्यावर चढलात. पण त्या घरात शिरण्याआधी तुम्ही थडग्यापुढून गेला असणार. घराच्या पुढ्यात, उतारावर, मार्कोनीची भव्य समाधी आहे. वास्तुकार मार्चेल्लो प्याचेन्तिनी, म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीचा लाडका वास्तुकार. उद्घाटन १९४१, ऐन युद्धात. बोलोन्याहून तिथवर जाऊन आलात आणि लेखात या दगडाबद्दल एक ओळ नाही?

मार्कोनी १९२३ साली फॅसिस्ट पक्षात गेला. १९३० मध्ये मुसोलिनीने त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केलं आणि त्याबरोबर तो फॅसिस्ट महापरिषदेचा सदस्य झाला. इथिओपियावरच्या स्वारीचं त्याने जाहीर समर्थन केलं. पुढे उजेडात आलेल्या कागदपत्रांत असं दिसलं की अकादमीसाठी सुचवलेल्या शास्त्रज्ञांच्या यादीत ज्यू माणसांच्या नावापुढे ‘ई’ अशी खूण होती, ‘एब्रेओ’ (इटालियनमध्ये ज्यू) मधला ई, आणि त्याच्या अध्यक्षपदाच्या काळात एकही ज्यू आत घेतला गेला नाही. हे वंशभेदाचे कायदे होण्याच्या आधीचं. कायद्याची सक्ती नसताना केलेलं.

तुम्ही म्हणता त्याच्या आयुष्यावरचं प्रदर्शन त्याची गोष्ट सांगणार. बरं, मग सगळी सांगा. आयुष्य म्हटलं की ६३ वर्षं आली. एकविसाव्या वर्षी बंदुकीच्या बारावर थांबायचं असेल तर त्याला एका दुपारचं प्रदर्शन म्हणावं लागेल. आणि हा भाग रेडिओपासून वेगळाही काढता येत नाही. टेकडी ओलांडणारी तीच लहर पुढे हुकूमशहाचा आवाज घराघरांत घेऊन गेली. ज्याने ती लहर दिली तो त्या हुकूमशहाच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. बोसांचं श्रेय हा आपल्या मनाला लागलेला प्रश्न आहे, कबूल. पण हा माणसाच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आहे आणि मला तो मोठा वाटतो.

पायवाट

ओसरी, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण लगेच दिलं असतं तर चुकीचं दिलं असतं.

समाधी मी पाहिली. आतही डोकावलो, थंडगार दगड आहे. लेखात लिहिली नाही कारण मला माळ्याबद्दल लिहायचं होतं आणि समाधीने ते बिघडलं असतं. म्हणजे मी तेच केलं ज्याबद्दल शाईताई आधीच सांगत होत्या: जागेच्या मोहात पडलो आणि मला हवं तेवढंच निवडलं. ही चूक माझी.

पण एका बाबतीत मी हटत नाही. मुलाचा निकाल म्हाताऱ्याच्या पापावरून लावू नये. तीसच्या दशकातल्या यादीवरची ‘ई’ ही खूण १८९५ च्या टेकडीवर मागे जाऊन पडत नाही. दोन्ही एका छपराखाली दाखवा, अगदी शेजारी शेजारी दाखवा, पण ‘शेवटी फॅसिस्टच निघाला’ म्हणून टेकडी पुसून टाकू नका. आजकाल असंही होतं, आणि त्यातही खोटेपणा आहे.

तिथल्या बागेत आणखी एक वस्तू आहे, तीही सांगतो. ‘एलेत्रा’ ही त्याची प्रयोगशाळा-नौका. पहिल्या महायुद्धानंतर त्याने विकत घेतली आणि कितीतरी प्रयोग तिच्यावर केले. १९४३ नंतर ती जर्मनांनी ताब्यात घेतली आणि १९४४ च्या सुरुवातीला दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर, झादरजवळ, तिची वाताहत झाली. बऱ्याच वर्षांनी सांगाडा परत आणला, १९७७ मध्ये त्याचे तुकडे केले आणि ते ठिकठिकाणी वाटले. एक तुकडा या बागेत गवतावर आहे, गंजलेला, मोठा. ओसरी, तुमची सगळी गोष्ट मला त्या लोखंडात दिसते. ज्या राजवटीने त्याला समाधी दिली तिच्याच युद्धाने त्याची नौका मोडली.

ओसरी

हे लिहिलंत, आता मला लेख पुरा वाटतो. पुसून टाका असं मी म्हणत नव्हतो. नौकेच्या तुकड्याबद्दल मात्र मला थोडं वेगळं वाटतं. तो पाहून माणूस हळहळतो आणि हळहळीत जबाबदारी विरघळते. यादीवरच्या त्या अक्षराला तसं काही होत नाही. एक कागद काचेखाली, त्यावर एक अक्षर, आणि खाली कुठलंही स्पष्टीकरण नको. मी तेवढंच ठेवीन.

भीमाकाठ

मी इथे क्वचित लिहिते. पण बोलोन्या, कोलकाता, न्यूफाउंडलंड, न्यूयॉर्क सगळं फिरून झालं आणि दौंड राहिलं, म्हणून लिहायला बसले.

माझे आजोबा दौंडला बिनतारी केंद्रात नोकरीला होते. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनी कंपनीच्या ‘बीम’ पद्धतीने बिनतारी सेवा सुरू झाली. त्यातलं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला. लहर लहान, आणि ती चहूकडे न उधळता तारांच्या पडद्यांनी एकाच दिशेला, इंग्लंडकडे फेकायची. ही युक्ती प्रत्यक्षात आणणारा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन. त्याचं नाव या धाग्यात एकदाही आलं नाही हेही बघा. समुद्रातल्या केबलपेक्षा हे इतकं स्वस्त पडू लागलं की केबल कंपन्यांचं कंबरडं मोडलं आणि १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने दोन्ही धंदे एका कंपनीत आणले.

आजोबांच्या लेखी मार्कोनी हा शास्त्रज्ञ नव्हता, चोरही नव्हता, फॅसिस्टही नव्हता. तो पगाराच्या कागदावरचा शब्द होता. भीमेकाठच्या उंच मनोऱ्यांच्या पायथ्याशी बसून ते रात्रपाळीत लंडनचे संकेत उतरवून घ्यायचे: कापसाचे भाव, लग्नाच्या तारा, कुणाच्या मरणाच्या बातम्या. आजी सांगायची, जेवताना पाटाच्या कडेवर त्यांचं बोट आपोआप टकटक करायचं. तिला मोर्स येत नव्हतं, पण कुठली टकटक म्हणजे ‘भाजी वाढ’ हे तिला कळायला लागलं होतं.

म्हणून मला तुमच्या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. शाईताई म्हणतात चार शास्त्रज्ञांची नावं लावा, ओसरी म्हणतात यादीवरचं अक्षर लावा. लावा ना. पण रेडिओ म्हणजे चार थोर पुरुष नव्हेत. ‘टायटॅनिक’ बुडताना शेवटपर्यंत कळ दाबत राहिलेला जॅक फिलिप्स मार्कोनी कंपनीचाच नोकर होता, पंचवीस वर्षांचा. सातशेच्या वर माणसं वाचली ती ‘कार्पेथिया’ला त्याचे संकेत मिळाले म्हणून. तो स्वतः गेला. मार्कोनीचं प्रदर्शन असेल तर त्यात कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसांची भिंत हवी. त्यात एक दौंडचाही हवा, आणि मी हे नातीच्या हट्टाने म्हणत नाही. साम्राज्याला लंडनहून दिल्लीवर हुकूम चालवायला हीच तार लागत होती, आणि ती उतरवून घेणारे हात आपले होते. हे अवघड सत्य आहे. आजोबांना त्याचा अभिमान होता आणि खादी घालणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाला त्याचा राग होता. दोघे आयुष्यभर या विषयावर एकमेकांशी नीट बोलले नाहीत.

निळी शाई

भीमाकाठ, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. खडकी आणि दौंड! मी पुण्यात राहते, दौंडची गाडी शेकडो वेळा पकडली आहे आणि मला हे माहीत नव्हतं.

विज्ञान दिनाला मी मुलांना नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीला नेते. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, आकाशातला रेडिओ ऐकणाऱ्या. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, रेडिओ बोसांनी शोधला ना?’ आणि दरवर्षी मी बोसांचं सांगते: पगार, पत्र्याचा कारागीर, वेळापत्रकाचं पुस्तक. १९०१ च्या एका पत्रात त्यांनी रवींद्रनाथांना कळवलं होतं की एका तारायंत्र कंपनीचा मालक पेटंटचा कागद हातात घेऊन आला आणि आपण नकार दिला, तेही सांगते. पुढे मैत्रिणींच्या आग्रहाने अमेरिकेत पेटंट घेतलं गेलं, १९०४ साली मिळालं, आणि बोसांनी ते तसंच जाऊ दिलं. मुलांचे डोळे चमकतात. हे मी सोडणार नाही.

पाऱ्याच्या कोहिररबद्दलही मी मागे हटणार नाही. पायवाटदादा, त्यावर तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही, माझं लक्ष आहे. पण या वर्षी टेकडीपलीकडचा बंदुकीचा बारही सांगेन. आणि खोडदहून परतताना खडकी लागतंच.

पायवाट

शाईताई, उत्तर देतो. १९०१ बद्दल तुमचं बरोबर आहे. सोलारीने दिलं, सोलारीला कुठून मिळालं ते मार्कोनीला माहीत नसेल असं मी स्वतःला समजावत होतो. पण पुढे वाद जाहीरपणे झाला, छापून आला, आणि तरीही बोसांचं नाव त्याच्या तोंडून आलं नाही. माहीत नसणं आणि माहीत झाल्यावर गप्प बसणं यांत फरक आहे. धाग्याच्या शीर्षकातला ‘चोर’ शब्दाबद्दलचा माझा आग्रह कायम आहे, पण ‘काय चोरलं असेल’ हा प्रश्न मी फक्त १८९५ पुरता विचारायला हवा होता.

भीमाकाठताई, आजोबांचं त्या काळचं काही राहिलंय का? कळ, वही, फोटो, काहीही?

भीमाकाठ

कळ नाही, ती कंपनीची होती. फोटोत मनोरे आहेत पण आजोबा नाहीत, फोटो त्यांनीच काढला होता. एक सरावाची वही आहे, आत्याकडे ट्रंकेत. शाई बरीच उडाली आहे. पहिल्या पानावर टिंब आणि रेघा, आणि त्यांच्या खाली प्रत्येक अक्षर मोडीत. दिवाळीत जाईन तेव्हा फोटो काढून इथे टाकते. मोडी कुणाला वाचता येतं का तेवढं सांगा.